वाचक विचारतात : सिक्युरिटीवाल्यांचा अधिकार कुठवर?

अमेरिकेतल्या विमानतळांवरच्या सुरक्षा तपासणीबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं आणि टपालाचा ढीग पडला. लिहिणाऱ्यांत इथे स्थायिक झालेले आहेत, शिकायला आलेली मुलं आहेत आणि लेकीसुनांकडे काही महिने राहायला येणारे आईवडील तर भरपूर. सगळ्यांचा सूर मात्र एकच: रांगेत गप्प बसलो आणि घरी येऊन चडफडलो. मी इथे वकिली करते, हे चडफडणं नेहमी ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं. त्यातलं पुष्कळसं टाळता येतं. निळ्या शर्टातल्या माणसाचा अधिकार किती, हे प्रवाशाला ठाऊक नसतं, आणि कधीकधी त्या माणसालाही नसतं. ज्या पत्रांत वेगळा मुद्दा आहे ती इथे घेतली आहेत. नावं आणि विमानतळ वगळले आहेत.

"आमच्या मराठी मंडळाचा मी खजिनदार. शेजारच्या राज्यात मोठा कार्यक्रम झाला, दारावरची तिकिटं बरीचशी रोखीत विकली गेली. परतताना साडेआठ हजार डॉलर एका पाकिटात घालून हातातल्या बॅगेत ठेवले होते. तपासनीसाने पाकीट उघडलं, नोटा पाहिल्या आणि सरबत्ती सुरू केली: कुठून आणले, कोणाचे आहेत, तुम्ही नोकरी काय करता? मी हिशेबाची वही दाखवली तरी बराच वेळ बाजूला उभं करून ठेवलं. विमान थोडक्यात मिळालं. पैसे जवळ बाळगणं हा गुन्हा आहे का?" – खजिनदार, ओहायो

नाही. खजिनदारसाहेब, तुम्हाला जरा मुळापासून सांगते, कारण पुढची सगळी उत्तरं याच मुळावर उभी आहेत.

अमेरिकेच्या संविधानातली चौथी घटनादुरुस्ती सरकारला कोणाचीही झडती मनाला येईल तेव्हा घेऊ देत नाही. एरवी पोलिसाला तुमची बॅग उघडायची तर वॉरंट लागतं, नाहीतर ठोस कारण लागतं. विमानतळावर दोन्ही लागत नाही. ही सूट न्यायालयांनी दिली, पण अट घालून दिली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विमान अपहरणांचा सुळसुळाट झाला होता, तेव्हा १९७३ साली नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने डेव्हिस खटल्यात ती अट स्पष्ट केली: शस्त्रं आणि स्फोटकं शोधायला जेवढी लागेल तेवढीच झडती, आणि ती प्रामाणिकपणे त्याच कामापुरती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, नोव्हेंबर २००१ मध्ये कायदा होऊन ट्रान्स्पोर्टेशन सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे टीएसए जन्माला आली आणि विमान कंपन्यांनी कंत्राटावर नेमलेल्या तपासनिसांच्या जागी सरकारी कर्मचारी आले. माणसं बदलली, यंत्रं बदलली, पण ती अट तशीच आहे. तपासनीस काय शोधतोय, या एका प्रश्नावर त्याचा अधिकार तोलायचा.

नोटा म्हणजे शस्त्र नव्हे आणि स्फोटकही नव्हे. पाकीट जाड दिसलं, स्कॅनरवर ठोकळ्यासारखं दिसलं, तर ते उघडून आत काय आहे हे बघायचा त्याला हक्क आहे. आत नोटाच आहेत हे दिसलं की त्याचं काम संपलं. तुमच्या नोकरीची चौकशी त्या कामात बसत नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. तुमच्यासारखाच प्रसंग मार्च २००९ मध्ये सेंट लुइसच्या विमानतळावर घडला. 'कॅम्पेन फॉर लिबर्टी' या राजकीय संघटनेचा एक कार्यकर्ता परिषदेतल्या विक्रीचे सुमारे ४,७०० डॉलर धातूच्या पेटीत घेऊन निघाला होता. त्याला बाजूच्या खोलीत नेऊन पैसे कुठले, म्हणून दरडावून विचारलं गेलं. तो प्रत्येक वेळी शांतपणे एवढंच म्हणत राहिला: "या प्रश्नाचं उत्तर देणं मला कायद्याने बंधनकारक आहे का?" हे सगळं त्याच्या फोनवर ध्वनिमुद्रित झालं. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने त्याच्या वतीने दावा लावला आणि त्याच वर्षी टीएसएने आपल्या कर्मचाऱ्यांना नवे आदेश काढले. तपासणी विमानाच्या सुरक्षेपुरतीच ठेवा, आणि मोठी रोकड घेऊन प्रवास करणं बेकायदेशीर नाही, हे त्यांत लिहून दिलं. आदेश आल्यावर दावा मागे घेतला गेला.

त्याच वर्षी तुमच्याच राज्यात, कोलंबसच्या संघीय न्यायालयात, फोफाना नावाच्या खटल्यात याहून कडक निकाल लागला. प्रवाशाच्या बॅगेतली पाकिटं तपासनिसांनी उघडली आणि त्यांत खोटे पासपोर्ट सापडले. न्यायालयाने विचारलं, पाकिटांत शस्त्र किंवा स्फोटक नाही हे कळल्यावर ती उघडलीत कशाला? पासपोर्ट खोटे असूनही तो पुरावा बाद झाला. आरोपीबद्दल सहानुभूती वाटो न वाटो, तपासनिसाने पोलीस तपास करायचा नाही, हे न्यायालयाने ठणकावून सांगितलं. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

आता दुसरी बाजूही ऐका. शस्त्र शोधताना सहज समोर काही बेकायदेशीर दिसलं तर तपासनीस पोलिसांना बोलावू शकतो, आणि रोकड पाहून त्याला खरोखर गुन्ह्याचा संशय आला तरी तो तेच करेल. तो स्वतः तुम्हाला अटक करू शकत नाही, त्याच्याकडे बंदूक नसते. पोलीस मात्र अटक करू शकतात. ते आले तर खोटं एक अक्षर बोलू नका, पण सगळ्याच प्रश्नांची उत्तरं द्यायला तुम्ही बांधलेले नाही. "अ‍ॅम आय फ्री टू गो?" एवढं विचारा. "हो" म्हणाले तर बॅग उचला आणि चालू लागा. रोकड जप्त होण्याची भीती खोटी नव्हती. संघीय अमली पदार्थविरोधी खात्याचे लोक प्रवाशांना हटकून, "संमतीने" बॅगा उघडून पैसे उचलत, आणि त्यावर इतकी टीका झाली की न्याय खात्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही पद्धत थांबवायला लावली. कोणी साध्या वेषातला माणूस गेटपाशी येऊन "बॅग बघू का?" म्हणाला तर "नाही" म्हणता येतं. तिथे तुमची संमती हेच त्याचं हत्यार असतं.

दहा हजार डॉलरची मर्यादा ही देशाची सीमा ओलांडतानाची आहे. दहा हजारांहून जास्त रक्कम देशाबाहेर नेताना किंवा आत आणताना ती कस्टम्सकडे जाहीर करायची. नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना असा कुठलाही फॉर्म नाही. तरीही मंडळाची रक्कम होती, तर पुढच्या वेळी बँकेत भरून चेकने न्या. हक्क शाबूत असला तरी विमान चुकू शकतं.

"आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघे बदललेले, नेसायला नऊवारी नसली तरी रोज साडीच. इंग्रजी समजत नाही. स्कॅनरने कमरेपाशी खूण दाखवली म्हणून एक बाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. मला बाहेर थांबवलं. आत तिला खुणेने परकराची नाडी सोडायला सांगितली. आईने सोडली. दोन दिवस ती कोणाशी नीट बोलली नाही. मी काय करायला हवं होतं?" – एक मुलगी, न्यू जर्सी

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ दुसरं काही हातात घेतलं नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत दोन गोष्टी नियमाबाहेर झाल्या. तुम्हाला बाहेर ठेवलं, ही पहिली. आडोशाच्या खोलीत तपासणी होते तेव्हा प्रवाशाला आपल्या पसंतीचं माणूस सोबत नेता येतं. हे टीएसएचंच धोरण आहे. खोलीत टीएसएची दुसरी कर्मचारीही हजर असावी लागते आणि अंगझडती घेणारी व्यक्ती प्रवाशाच्याच लिंगाची असावी लागते. नाडी सोडायला लावली, ही दुसरी. शरीराचा खाजगी भाग उघडा पडेल असं कुठलंही वस्त्र काढायला किंवा वर करायला प्रवाशाला सांगायचं नाही, असं टीएसए स्वतःच सांगते. जाकीट, पट्टा, कोट ही वरची वस्त्रं वेगळी. परकर त्यात येत नाही. कमरेपाशी साडीच्या निऱ्या आणि नाडीची गाठ एकावर एक येतात आणि स्कॅनरला तिथे जाड काहीतरी दिसतं. अशा वेळी कपड्यांवरून हात फिरवून तपासायचं, फार तर हातमोज्यावर किंवा तळव्यांवर कापडाची पट्टी फिरवून स्फोटकाचा अंश आहे का ते यंत्रात बघायचं. बस्स.

२०११ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर ऐंशी ओलांडलेल्या बायकांना अशीच वागणूक मिळाली. कंबरेचा वैद्यकीय पट्टा, पोटाला लावलेली पिशवी दाखवायला लावल्याच्या तक्रारी होत्या. आधी इन्कार झाला, मग कार्यपद्धती मोडली गेल्याचं मान्य करून दोघींची माफी मागावी लागली. त्या बायका गप्प बसल्या नाहीत म्हणून ते झालं.

पुढच्या प्रवासाच्या बहात्तर तास आधी 'टीएसए केअर्स' या मदतसेवेला फोन करा: ८५५-७८७-२२२७. आईचं वय, गुडघे, भाषा, साडी, सगळं सांगा. विमानतळावर मदतीला कर्मचारी देण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते. रांगेत पोहोचल्यावर तपासणी सुरू होण्याआधी तुम्हीच बोला: आईला इंग्रजी येत नाही, मी तिच्यासोबत राहणार. उभं राहवत नसेल तर खुर्ची मागा. झडतीत हात कुठे लावणार, हे आधी सांगणं त्यांचं काम आहे, तुम्ही ते आईला मराठीत सांगा. आणि कोणी चुकीचं काही सांगितलं तर आईला एकच शब्द शिकवून ठेवा: "सुपरवायझर." खांद्यावर तीन पट्ट्या असलेली व्यक्ती ती. सुपरवायझर मागणं हा उद्धटपणा नाही. आपल्या पिढीच्या बायकांना तो उद्धटपणा वाटतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

बऱ्याच जणींनी मंगळसूत्राबद्दल विचारलंय. ते काढायलाच हवं असा नियम नाही. अंगावर ठेवून जा. यंत्र वाजलं तर त्या जागी जास्तीची तपासणी होईल इतकंच. डोक्यावरचा पदर, पगडी, स्कार्फ यांनाही तोच न्याय.

तुमच्या आईची तक्रार अजून करता येईल. कशी, ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात.

"बॅग पट्ट्यावर ठेवली आणि तेवढ्यात कळलं की विमान रद्द झालंय. मी म्हटलं, राहू दे, परत जातो, माझी बॅग द्या. तर म्हणाले, आता तपासणी पुरी केल्याशिवाय जाता येणार नाही. मी स्वतःच्या मर्जीने आलो, मर्जीने जाऊ शकत नाही?" – इंजिनीयर, कॅलिफोर्निया

या एका बाबतीत त्यांचंच बरोबर. कॅलिफोर्निया ज्या नवव्या सर्किटमध्ये येतं, त्याच न्यायालयाने २००७ साली औकाई खटल्यात हे ठरवून टाकलं. होनोलुलू विमानतळावरचा एक प्रवासी तपासणी चालू असताना म्हणाला, मला प्रवासच करायचा नाही, जाऊ द्या. न्यायालय म्हणालं, तुम्ही बॅग पट्ट्यावर ठेवलीत किंवा धातुशोधकातून पाऊल टाकलंत की संमती मागे घ्यायची वेळ गेली. कारण सरळ आहे. मधूनच परत फिरता आलं तर वाईट हेतूचा माणूस रोज येऊन आपली वस्तू पकडली जाते का ते आजमावेल, आणि पकडली जाणार असं वाटलं की काढता पाय घेईल. मला हा निकाल पटतो. अर्थात, तिथेही तपासणीचं प्रयोजन तेच राहतं. परत जाऊ देत नाहीत म्हणून त्यांना तुमचे खिसे उलटेपालटे करून वाटेल ते शोधायची मुभा मिळत नाही.

पट्ट्याच्या अलीकडे, रांगेत उभे असताना, मन बदललं तर खुशाल निघून जा. आणि पट्ट्याच्या पलीकडे अडलात तर हुज्जत घालू नका. तपासणीत अडथळा आणणं, कर्मचाऱ्याला धमकावणं यासाठी संघीय नियमांखाली दंड होतो, आणि तो टीएसएच आकारते.

जाता जाता: बॉडी स्कॅनरमधून जायचं नसेल तर त्याऐवजी अंगझडती मागता येते. २०११ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने स्कॅनर वैध ठरवले, तेव्हा हा पर्याय उपलब्ध आहे ही गोष्ट जमेस धरली होती. मात्र काही प्रवाशांना स्कॅनर सक्तीचा करण्याची मुभा टीएसएने २०१५ पासून स्वतःकडे ठेवली आहे.

"मी मास्टर्सला आहे. सेमिस्टर संपल्यावर मैत्रिणीकडे विमानाने गेले तेव्हा लॅपटॉप सुरू करून दाखवायला लावला. मला घाम फुटला. व्हॉट्सअ‍ॅप, फोटो, सगळंच होतं. ताई, ते आत बघू शकतात का?" – विद्यार्थिनी, टेक्सस

अगं, देशातल्या देशात उडताना टीएसए तुझा लॅपटॉप सुरू करून दाखवायला सांगू शकते, कारण बंद डबड्यात स्फोटक भरलेलं असू शकतं. पडदा उजळला की त्यांचं काम संपलं. पासवर्ड टाकायची, फोटो दाखवायची, मेसेज वाचू द्यायची गरज नाही. उपकरणातली माहिती आपण वाचत नाही, तिची नक्कल करत नाही, हे टीएसए स्वतःच सांगते.

पण परदेशातून आल्यावर पासपोर्टवर शिक्का मारणारे लोक वेगळे, हे पक्कं लक्षात ठेव. ते कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनचे. गडद निळा गणवेश, कमरेला पिस्तूल. सीमेवरच्या झडतीचा त्यांचा अधिकार फार मोठा आहे आणि ते फोन उघडायला सांगतात. अमेरिकन नागरिकाने नकार दिला तर फोन ठेवून घेतील, पण त्याला देशात येण्यापासून रोखू शकत नाहीत. तुझ्यासारख्या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीने नकार दिला तर प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. या दोन खात्यांची गल्लत करून मुलं एकतर टीएसएपुढे नको इतकी घाबरतात, नाहीतर सीमेवर नको इतका ताठा दाखवतात. दुसरी चूक जास्त महागात पडते. सुट्टीवरून परतताना आय-ट्वेंटीचा, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला, कागद हाताशी ठेव आणि खरं तेच सांग.

हल्ली ओळखपत्र बघणाऱ्या टेबलावर चेहऱ्याचा फोटो घेणारा कॅमेरा असतो. टीएसएच्या टेबलावर तो ऐच्छिक आहे. नको असेल तर तसं सांग, ते पासपोर्ट हाताने तपासतील. नकार दिला म्हणून रांगेतली जागा जात नाही.

"माझ्या नवऱ्याची झडती चालू होती ती मी मोबाईलवर चित्रित करत होते. 'बंद करा, इथे मनाई आहे' म्हणून अंगावर आले. खरंच मनाई आहे?" – गृहिणी, इलिनॉय

टीएसएची मनाई नाही. यंत्रांचे पडदे टिपायचे नाहीत आणि कामात आडवं यायचं नाही, या दोन अटी पाळल्या तर चित्रण करता येतं. स्थानिक नियम वेगळे असू शकतात, तेवढं बघून घ्या. पण कागदावरचा हक्क आणि पट्ट्याजवळचा हक्क यांत अंतर पडतं. २००९ साली आल्बुकर्की विमानतळावर चित्रण थांबवायला नकार देणाऱ्या, ओळखपत्र न दाखवणाऱ्या एका प्रवाशाला पोलिसांनी अटक केली. ज्युरीने त्याला २०११ मध्ये सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं. मग त्याने पोलीस आणि टीएसएच्या लोकांवर दावा लावला, तो मात्र २०१५ मध्ये अपील न्यायालयात हरला. म्हणजे सुटका झाली, भरपाई नाही. चित्रण करा, चार पावलं मागे उभं राहून, न बोलता. पोलिसाने थांबवलं तर थांबा आणि वेळ टिपून ठेवा.

छोटी पत्रं, छोटी उत्तरं

महागडं अत्तर "जप्त" केलं असं तिघांनी लिहिलंय. टीएसए सहसा जप्त करत नाही, सोडून द्यायला सांगते. शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली असली तर मागे फिरून ती चेक-इन सामानात घालणं किंवा पोचवायला आलेल्या माणसाकडे देणं हे पर्याय मागून घ्या, वेळ असेल तर ते देतात. बाळाचं दूध, औषधं यांना ही मर्यादा नाही, फक्त आधी सांगायचं. वस्तू शस्त्रात मोडते की नाही याचा अंतिम निर्णय मात्र पट्ट्याजवळच्या तपासनिसाचाच, आणि तो आज एक, उद्या दुसरा असू शकतो. संकेतस्थळावर परवानगी दिसत असली तरी त्याच्याशी वाद जिंकणं अवघड आहे.

बोर्डिंग पासवर चार वेळा 'एस', म्हणजे जास्तीच्या तपासणीची खूण, छापून येते, त्या गृहस्थांना: ते पुसणं तपासनिसाच्या हातात नाही, त्याच्यावर रागावू नका. गृहसुरक्षा खात्याच्या 'ट्रिप' या योजनेत अर्ज करा. एक क्रमांक मिळेल, तो प्रत्येक तिकिटावर घालत जा. नावसाधर्म्यामुळे होणारा त्रास त्याने बहुधा थांबतो.

"तपासनिसाने माझा दंड पिरगाळला, शिवी दिली. तक्रार करीन म्हटलं तर हसला. म्हणाला, सरकारवर दावा लागत नाही. खरं का?" – निवृत्त शिक्षक, पेनसिल्व्हेनिया

गुरुजी, हसणाऱ्याला तुमच्याच राज्यातल्या खटल्याची माहिती नसावी.

फिलाडेल्फिया विमानतळावर २००६ साली एका प्रवासी स्त्रीचा तपासनिसांशी वाद झाला आणि तिच्यावरच फौजदारी आरोप ठेवले गेले. ते टिकले नाहीत. तिने सरकारवर दावा लावला आणि तो वर्षानुवर्षं एकाच मुद्द्यावर अडून राहिला: सरकारी माणसाने जाणूनबुजून केलेल्या मारहाणीबद्दल, खोट्या अटकेबद्दल सरकारला कोर्टात खेचायचं तर तो माणूस कायद्याच्या भाषेत "तपास किंवा कायदा अंमलबजावणी अधिकारी" असावा लागतो. टीएसएचा तपासनीस त्यात बसतो का? सरकार म्हणे, नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या न्यायाधीशांनी एकत्र बसून पेलेग्रिनो खटल्यात सांगितलं, बसतो, कारण तो लोकांच्या अंगाची, सामानाची झडती घेतो. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर या राज्यांत तो निकाल बंधनकारक आहे, आणि नंतर इतर काही सर्किट न्यायालयांनीही तीच वाट धरली. म्हणजे ज्या संघटनेचे लोक अटक करू शकत नाहीत, त्यांच्या हातून झालेल्या मारहाणीची जबाबदारी सरकार झटकू शकत नाही. या निकालाने मला फार समाधान दिलं.

एक दार मात्र बंद आहे. त्याच फिलाडेल्फियात २०१३ साली एका प्रवाशाने उद्धट वागणुकीची तक्रार लिहून द्यायला फॉर्म मागितला. त्याचं म्हणणं असं की सुपरवायझरने सूड म्हणून पोलिसांना खोटंच सांगितलं की याने बॉम्बची धमकी दिली. त्याला अटक झाली, खटला चालला, तो निर्दोष सुटला. पण त्या सुपरवायझरवर व्यक्तिशः, अभिव्यक्तीच्या हक्काच्या नावाने दावा लावता येणार नाही, असं तिसऱ्या सर्किटने २०१७ मध्ये ठरवलं. हा निकाल मला अजून सलतो. तक्रारीचा फॉर्म मागणाऱ्या माणसाला कोठडीची भीती वाटावी, हे कुठल्याही सुरक्षेसाठी गरजेचं नाही. म्हणून तक्रार त्या माणसाच्या तोंडावर करण्यापेक्षा घरी जाऊन कागदावर केलेली बरी, असा सल्ला मला द्यावा लागतो.

आता तुम्ही काय करायचं. आजच एका कागदावर लिहून काढा: तारीख, वेळ, टर्मिनल, कितवी रांग, छातीवरच्या पाटीवरचं नाव, आजूबाजूला कोण होतं. दंडावर वळ असेल तर फोटो आणि डॉक्टरांचा दाखला. विमानतळाचे कॅमेरे सगळं टिपतात, पण ते चित्रण कायम ठेवत नाहीत, म्हणून ते जपून ठेवा अशी लेखी मागणी टीएसए आणि विमानतळ प्राधिकरण, दोघांकडे याच आठवड्यात पाठवा. माझ्या अनुभवात निम्मे दावे इथेच मरतात, माणूस राग शांत व्हायची वाट बघतो आणि चित्रण पुसलं जातं. मग 'स्टँडर्ड फॉर्म ९५' भरून टीएसएकडे भरपाईचा दावा दाखल करायचा. मुदत घटनेपासून दोन वर्षं. फॉर्ममध्ये ठराविक रक्कम लिहावीच लागते, ती जागा कोरी ठेवली तर दावा धरला जात नाही. सहा महिन्यांत त्यांनी उत्तर दिलं नाही तर कोर्टात जाता येतं, आणि लेखी नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जावंच लागतं. सामान फुटलं, वस्तू हरवली, तरी हाच फॉर्म. न्यू जर्सीच्या ताई, तुमच्या आईसाठीही हाच रस्ता आहे, आणि अपमानाबद्दलची तक्रार टीएसएच्या नागरी हक्क विभागाकडे वेगळी पाठवता येते. त्याला वकील लागत नाही. आईला जे आठवतं ते तिच्याच शब्दांत मराठीत लिहून घ्या, खाली इंग्रजी भाषांतर जोडा आणि दोन्हींवर तिची सही घ्या.